रहाट काय शिकवतो?

आम्ही उमेळ्याची माणसे. मुलाबाळांना घेऊन आम्ही कोल्हापूरजवळ कणेरीला गेलो. तिथे सिद्धगिरी मठाने जुने गाव उभे केले आहे. शेतकरी, सुतार, लोहार, कुंभार, सारे सिमेंटचे. पण वाटते, आता बोलतील!

एका विहिरीवर बैल मोट ओढताना दाखवले आहेत. मुलांनी विचारले, "आपल्याकडे असे होते का?"

आम्ही सांगितले, "आपल्या वसईत रहाट असे. चाकावर गाडग्यांची माळ. बैल नाहीतर रेडा गोल फिरे. रिकामी गाडगी खाली जात, भरलेली वर येत. पाणी पाटाने केळीच्या वाडीत जाई."

रहाट पाणी हळू काढी. तोवर विहिरीत गोडे पाणी पाझरे. पंप मात्र घटकेत विहीर उपसतो. उपसा फार झाला, की खाडीचे खारे पाणी जमिनीतून विहिरीत येते. मग केळी कशी जगणार?

पंप टाकून द्या, असे आम्ही म्हणत नाही. पण पाणी बेताने काढावे. वाडीतले बावखल बुजवू नये. पावसाचे पाणी त्यात साठते, जमिनीत मुरते. तेच पुढे विहिरीला मिळते.

आणि घरी जुना रहाट असेल, तर तो मोडीत घालू नका. मुलांना दाखवा.