छातीवरचा बिल्ला आणि कार्बनचा थर

कर्जत-खोपोली लोहमार्गावर पळसदरी हे छोटं स्थानक. आसपास धरण, धबधबे आणि काळा कातळ. या बेसाल्टमध्ये युरेनियम-थोरियम ग्रॅनाइटच्या मानाने फार कमी, त्यामुळे इथल्या जमिनीतून येणारा किरणोत्सार केरळच्या मोनाझाइट वाळूच्या किनाऱ्यापेक्षा कितीतरी कमी भरतो. काळजी घ्यायची ती माणसाने कामासाठी आणलेल्या स्रोतांची: दवाखान्यातला एक्स-रे, किंवा वेल्डिंगचे सांधे तपासायला वापरतात ते इरिडियम-१९२.

अशा स्रोतांजवळ काम करणाऱ्यांच्या छातीवर एक बिल्ला असतो. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेल्या या बिल्ल्यात डिस्प्रोसियम मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या असतात. किरणांची ऊर्जा स्फटिकात अडकून राहते. प्रयोगशाळेत चकती तापवली की ती ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते आणि त्या प्रकाशावरून मात्रा काढतात. पद्धत स्वस्त आणि खात्रीची, पण आकडा हाती येतो तो साधारण तिमाहीनंतर.

आणखी एक अडचण आहे. शरीराच्या मऊ ऊतींचा परिणामी अणुक्रमांक साडेसातच्या आसपास, तर कॅल्शियम सल्फेटचा पंधराच्या. त्यामुळे कमी ऊर्जेच्या एक्स-रेचा डोस ही चकती शरीरापेक्षा बराच जास्त दाखवते. ते सावरायला बिल्ल्यात धातूच्या गाळण्या घालाव्या लागतात. कार्बनचा अणुक्रमांक ६. तो शरीराच्या बराच जवळचा.

म्हणूनच २००४ मध्ये मँचेस्टरला वेगळं काढलेलं ग्राफीन, म्हणजे कार्बनचा एकपदरी थर, संशोधकांना खुणावतं. पण एका अणूइतक्या जाडीच्या थरातून गॅमा किरण जवळजवळ न अडखळता निघून जातात. त्यावर उपाय असा: थराखाली सिलिकॉनसारखा अर्धवाहक ठेवायचा. किरण तिथे विद्युतभार मोकळे करतात, विद्युतक्षेत्र बदलतं आणि ग्राफीनचा रोध लगेच हलतो. मात्र सिलिकॉन आला की शरीराशी असलेलं साम्य गेलं. या बाबतीत कार्बनचंच दुसरं रूप, हिरा, आज पुढे आहे. हिऱ्याचे किरणशोधक सर्न या युरोपीय संशोधन संस्थेच्या महाकाय कण-त्वरकात आणि कर्करोगाच्या किरणोपचारात वापरात आहेत.

तत्काळ इशाऱ्याचं मोल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत कळलं. भंगारात गेलेल्या कोबाल्ट-६० ने एकाचा जीव घेतला, अनेकांना इजा झाली. भंगाराच्या प्रत्येक वखारीच्या दारात बसेल असा स्वस्त, जागच्या जागी बोलणारा शोधक कार्बनमधून घडवणं, हे या संशोधनाचं सर्वांत मोलाचं काम ठरेल. तोवर एक्स-रे खोलीत काम करणाऱ्यांनी बिल्ला खुंटीला टांगून ठेवू नये. शिशाच्या एप्रनच्या आत, छातीवर लावावा.