धुराड्याचे दुखणे

'चिमणी' हा शब्द मराठीत फार कामाचा आहे. अंगणात दाणे टिपते तीही चिमणी, वीज गेल्यावर फडताळातून बाहेर यायची ती रॉकेलची चिमणी, आणि गिरणीच्या डोक्यावर उभी असते तीही चिमणीच. हा लेख चौथ्याच एका चिमणीविषयी असल्यामुळे घोटाळा नको म्हणून मी तिला सरळ 'धुराडे' म्हणते. हे धुराडे गिरणीचे नव्हे. मध्यमवर्गीय माणसे राहतात त्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या चौमजली इमारतींच्या माथ्यावरचे ते आहे. शहर स्कॉटलंडमधले ग्लासगो.

या महाविद्यालयातून इतिहास विषय घेऊन मी बी. ए. झाले आणि लग्नानंतर या शहरात आले. इथे सामाईक इमारतींची देखभाल पाहणाऱ्या मध्यस्थाला 'फॅक्टर' म्हणतात. अशाच एका फॅक्टरच्या कचेरीत मी बरीच वर्षे दुरुस्तीच्या फायली सांभाळल्या. त्यामुळे मी गवंडी नसले तरी गवंड्यांचे अंदाजपत्रक वाचता येते, आणि त्यात काय लिहायचे राहून गेले आहे तेही कळते.

ग्लासगोच्या या इमारतींना 'टेनेमेंट' म्हणतात. बहुतेक १८५० ते १९१४ या काळात उठल्या. आधीच्या फिकट पिवळसर वालुकाश्माच्या, नंतरच्या लाल वालुकाश्माच्या. मधून एक सामाईक जिना आणि प्रत्येक मजल्यावर दोन किंवा तीन घरे. आपल्या गिरगावातल्या चाळीची आठवण व्हावी अशी रचना आहे, फक्त गॅलरी नाही. थंडीच्या मुलखात उघडी गॅलरी कोण बांधील? त्याऐवजी जवळजवळ प्रत्येक खोलीत भिंतीतली शेगडी असे. स्वयंपाकघरात लोखंडी चूल आणि शेजारी कोळशाची पेटी. हे सारे जसेच्या तसे पाहायचे असेल तर गार्नेटहिल भागात नॅशनल ट्रस्टने जपलेले एक टेनेमेंट घर आहे. ॲग्नेस टोवर्ड नावाच्या टंकलेखिका बाई तिथे १९११ पासून १९६५ पर्यंत राहिल्या आणि त्यांनी बहुधा काहीच टाकून दिले नाही.

आता शेगडी तितक्या धूरनळ्या. तळमजल्याच्या शेगडीची नळी वरच्या शेगडीच्या नळीला मिळत नाही. भिंतीच्या जाडीतून ती स्वतंत्रपणे, बाजूला वळत वळत थेट छताबाहेर जाते. छतावर या साऱ्या नळ्या एकत्र बांधून दगडाचा किंवा विटांचा जो आडवा ठोकळा उभा करतात तेच धुराडे. त्यावर भाजलेल्या मातीची नळकांडी ओळीने बसवलेली असतात. ग्लासगोकर त्यांना 'कॅन' म्हणतात. नळी-नळीच्या मध्ये विटेचा पातळ पडदा असतो. रस्त्यावरून आपल्याला दिसते ते हे नळकांड्यांचे पंचपाळे. आतला तो विटेचा पडदा कुणालाच दिसत नाही, आणि बिघाड बहुधा तिथूनच सुरू होतो.

धुराडे इमारतीच्या इतर भिंतींपेक्षा लवकर का म्हातारे होते? एक तर ते चारी बाजूंनी उघडे. भिंतीला एका बाजूने पाऊस लागतो, धुराड्याला चारी बाजूंनी आणि डोक्यावरूनही. दगडात आणि सांध्यात मुरलेले पाणी गोठले की सुमारे ९ टक्के फुगते, वितळले की पुन्हा आकसते, आणि ग्लासगोच्या एका हिवाळ्यात हा खेळ कितीतरी वेळा होतो. दुसरे कारण आतले. कोळशाच्या काजळीत गंधक असते. पाण्याशी मिळून त्याचे क्षार बनतात आणि हे क्षार सांध्यातल्या चुन्याला व विशेषतः सिमेंटला फुगवतात. जी बाजू जास्त भिजते तिचे सांधे जास्त फुगतात, आणि सारे धुराडे हळूहळू विरुद्ध बाजूला कलते. इथल्या जुन्या वस्तीतून मान वर करून चालले तर अशी मान वाकडी केलेली धुराडी सहज दिसतात.

तिसरे कारण मला सर्वांत चमत्कारिक वाटते. शेगड्या विझल्या म्हणून धुराडी आजारी पडली. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर विषारी धुक्याची चादर पडली आणि हजारो माणसे दगावली. त्यानंतर १९५६ साली हवा शुद्ध राखण्याचा कायदा आला. शहरोशहरी धूरबंदीचे विभाग झाले, पुढे उत्तर समुद्रातला गॅस घरोघरी पोचला आणि शेगड्यांची तोंडे फळ्या ठोकून बंद झाली. माणसांच्या फुप्फुसांना हे उत्तम झाले यात शंका नाही. पण रोजच्या विस्तवाने धुराडे आतून वाळत असे, तो शेकच बंद पडला. वरून नळकांडे उघडे, खालून तोंड बंद. आत शिरलेले पाणी जाणार कुठे? ते जुन्या क्षारांत मुरते आणि खोलीच्या भिंतीवर तपकिरी डाग होऊन उमटते. लोक डागावर रंग मारतात. डाग पुन्हा येतो.

धुराडे पडले तर काय होते हे ग्लासगोला १५ जानेवारी १९६८ च्या पहाटे कळले. आपल्याकडे संक्रांतीचे दिवस होते. इथे अटलांटिकवरून आलेल्या वादळाने रातोरात शहर झोडपले. टनावारी दगडांची धुराडी छत फोडून आत आली, आणि छताखालची लाकडी जमीन त्यांना थोपवू शकली नाही. ती मजल्यामागून मजला फोडत झोपलेल्या माणसांवर गेली. स्कॉटलंडमध्ये त्या वादळात वीस माणसे मेली. घरांचे नुकसान इतके अफाट होते की कित्येक छतांवर ताडपत्र्या पुढे दीर्घकाळ तशाच राहिल्या. आमच्या जिन्यातले दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा तेव्हा सहा वर्षांचे होते. वारा सुटला की ते अजूनही पुढच्या खोलीत झोपतात, कारण धुराडे मागच्या खोलीवर आहे.

हे सारे मी पुस्तकी उत्साहाने सांगत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्याच धुराड्याने मान टाकायला सुरुवात केली.

आमच्या इमारतीत आठ घरे आहेत. एका मजल्यावर दोन. धुराडे शेजारच्या इमारतीला लागून असलेल्या सामाईक भिंतीवर. त्यात चौदा नळ्या. मग प्रश्न आला, पैसे कोणी द्यायचे? २००४ साली स्कॉटलंडच्या संसदेने टेनेमेंटांचा कायदा केला. खरेदीखतात वेगळे काही लिहिले नसेल तर धुराड्याची मालकी, आणि म्हणून खर्चही, ज्याच्या जितक्या नळ्या त्या प्रमाणात वाटायचा असे त्यात आहे. मला हा कायदा फार आवडतो, कारण तो कोणा विद्वानाच्या मनात न येता नळकांडी मोजणाऱ्याच्या मनात आलेला वाटतो. पण नळ्या कोणाच्या हे ठरवायचे कसे? आम्ही धुराडी साफ करणारा माणूस बोलावला. त्याने छतावरून एकेका नळीत दोरीला बांधलेले वजन सोडले आणि खाली ज्याच्या भिंतीत खडखड ऐकू येईल त्याने खिडकीतून ओरडायचे. सकाळ यातच गेली. आमच्या बाजूची चार घरे, प्रत्येकाच्या दोन नळ्या. शेजारच्या इमारतीत तळमजल्यावर मुळापासून दुकान, तिथे नळी नाही, म्हणून तीन घरांच्या सहा. एकूण सात घरे, प्रत्येकी एक सप्तमांश.

जिन्याच्या पलीकडच्या चार घरांनी साहजिकच सुटकेचा श्वास टाकला; त्यांच्या नळ्या दुसऱ्या भिंतीत. धुराडे पडताना मात्र नळ्या मोजून पडत नाही, असे आजोबा जिन्यात सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाले. सात वाटेकऱ्यांपैकी तळमजल्यावरची बाई म्हणाली, माझ्या घरापासून धुराडे चार मजले दूर, शेगडी मी तीस वर्षांत पेटवली नाही. शेजारच्या इमारतीतला एक मालक परदेशी राहतो आणि घर भाड्याने देतो. त्याने तीन पत्रांना उत्तर दिले नाही. आमच्या मुंबईच्या वाचकांना हे ओळखीचे वाटेल. तिथे १९६९ साली जुन्या इमारतींवर दुरुस्तीचा उपकर बसला तो काहीशा अशाच कोंडीतून. गोठवलेल्या भाड्यात मालकाला परवडेना, आणि भाडेकरूला ते आपले काम वाटेना. इथे २००६ च्या गृहनिर्माण कायद्याने नगरपालिकेला अशा गैरहजर माणसाचा वाटा आधी भरून मग त्याच्याकडून वसूल करण्याची मुभा दिली आहे. मुभा आहे, सक्ती नाही. अर्ज करायचा आणि वाट पाहायची.

वाट पाहत असताना पहिला गवंडी आला. त्याचे अंदाजपत्रक सर्वांत स्वस्त आणि सर्वांना पसंत: दरजा सिमेंटने भरायच्या, वर सिमेंटचा गिलावा मारायचा, दोन दिवसांत काम पुरे. विरोध करणारी मी आणि आजोबा एवढेच होतो, आणि त्याचे कारण सांगणे हा या लेखाचा मुख्य हेतू आहे.

जुन्या दगडी बांधकामात सांधा दगडापेक्षा मऊ असावा लागतो. चुन्याचा सांधा थोडा लवतो, आणि दगडात गेलेले पाणी त्याच्यातूनच बाहेर पडते. झिजायचे असेल तर सांधा झिजतो; वीस-पन्नास वर्षांनी तो पुन्हा भरता येतो. सिमेंट कडक आणि बंद. त्याच्या कडेला केसाएवढी भेग पडतेच, तिच्यातून पाणी आत जाते आणि बाहेर यायला वाट उरत नाही. मग ते दगडातून बाहेर पडू पाहते, हिवाळ्यात तिथेच गोठते आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. सिमेंटचे सांधे फासळ्यांसारखे पुढे उभे आणि मधला दगड खोल झिजलेला, हे दृश्य इथे गल्लोगल्ली आहे. मऊ दगड झिजला तर तो भरून काढता येत नाही, बदलावाच लागतो. शिवाय गिलाव्याने भेगा झाकल्या की आतला पडदा कोसळला आहे की नाही हेही दिसेनासे होते. म्हणजे रोग राहतो आणि नाडी मात्र हाताला लागत नाही.

आपल्याकडच्या वाड्यांतून चुन्याच्या घाणीवर बैल फिरत असत ते पाहिलेल्या पिढीला हे सांगावे लागले नसते. त्यांच्या नातवंडांनी त्याच वाड्यांना सिमेंट फासले आणि ओल का जात नाही म्हणून कपाळाला हात लावला. असो.

सभा दोन झाल्या. धुराडे पाडूनच टाकावे, असाही एक पक्ष निघाला. तो अगदीच चूक नव्हता; अनेक इमारतींनी तसे केले आहे. पण सामाईक भिंतीच्या माथ्यावरून वजन काढले तरी नळ्यांची तोंडे नीट बंद करून त्यांना हवा ठेवावीच लागते, आणि जुन्या संरक्षित वस्तीत परवानगीही घ्यावी लागते. खर्चातला सर्वांत मोठा आकडा दोन्हीकडे सारखाच होता, तो म्हणजे परांचीचा. चार मजल्यांवर परांची बांधली की त्या पैशात वर जाऊन फक्त पाडून यायचे, की उभारून यायचे, एवढाच फरक उरतो. तळमजल्याची बाई हे ऐकून राजी झाली. नगरपालिकेने गैरहजर मालकाचा वाटा उचलला, पण तोवर शरद ऋतू उजाडला होता. चुन्याचे काम पाच अंशांखालच्या थंडीत करत नाहीत. ओला चुना गोठला तर भुगा होतो. म्हणून एक हिवाळा आम्ही कललेल्या धुराड्याखाली काढला. आजोबांनी अंथरूण पुढच्या खोलीतून हलवलेच नाही. वरच्या मजल्यावरच्या तरुण जोडप्याने बाळाचा पाळणाही हलवला.

एप्रिलमध्ये परांची चढली. गवंड्याने ओळंबा सोडून कल मोजला, मग प्रत्येक दगडावर खडूने आकडा घालून वरून खाली एकेक थर हाताने उतरवला. पाचव्या थराखाली बांधकाम पक्के लागले, तिथे थांबला. आत अपेक्षेप्रमाणे दोन पडदे कोसळलेले, तीन नळ्यांची एकच पोकळी झालेली. त्यात कोणी गॅसची शेगडी लावली असती तर तिचा विषारी वायू सरळ दुसऱ्याच्या निजायच्या खोलीत गेला असता. पडदे नव्या विटांनी बांधले. पाण्यातही घट्ट होणारा चुना एक भाग आणि खरखरीत वाळू सुमारे अडीच भाग, अशा मिश्रणात दगड पुन्हा आकड्यांप्रमाणे बसवले. छताला धुराडे मिळते तिथे शिशाचा नवा पत्रा आला. माथ्यावरची फरशी भिंतीबाहेर काढून तिच्या पोटाला खाच ठेवली, म्हणजे पाणी भिंतीवरून न ओघळता पागोळीसारखे सुटून पडते. खालच्या पक्क्या भागाचे सांधे रुंदीच्या दुप्पट खोल खरवडले, पाणी शिंपडले आणि चुना दाबून भरला. मग सारे धुराडे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले. चुना सावकाश सुकला पाहिजे, कडक उन्हात किंवा वाऱ्यात नव्हे. ग्लासगोत उन्हाची काळजी घेणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. टीव्हीची जुनी अँटेना धुराड्याला पट्ट्यांनी आवळलेली होती. वाऱ्यात ती हलते आणि सांधे सैल करते, म्हणून ती उतरवली ती उतरवलीच.

न वापरायच्या नळकांड्यांवर हवा जाऊ देणाऱ्या पण पाऊस अडवणाऱ्या टोप्या बसवल्या आणि सातही घरांत बंद शेगड्यांच्या फळीला जाळी लावली. आमच्या भिंतीवरचा डाग मात्र लगेच गेला नाही. गिलाव्यात बसलेले क्षार हवेतली ओल ओढत राहतात. तेवढा गिलावा खरवडून नवा चुन्याचा लावावा लागला, आणि त्यावर रंग द्यायला गवंड्याने पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मनाई केली.