टप्प्यापलीकडचा रेडिओ

भारतात सामुदायिक रेडिओची प्रसारणशक्ती साधारणपणे 100 वॉटपुरती मर्यादित असते. आवाज 10-15 किलोमीटरवर विरतो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची 'विद्यावाणी' गणेशखिंडीतून 107.4 एफएमवर बोलते. चाकणची एमआयडीसी त्या टप्प्यापलीकडची. शिवाय रात्रपाळी करून आलेला कामगार सकाळच्या कार्यक्रमाला झोपलेला असतो. कार्यक्रम इंटरनेटवर चढवला की दोन्ही अडचणी सुटतात. उत्तर अमेरिकेतल्या हौशी प्रसारकांनी 1996 पासून 'रेडिओ फॉर ऑल' या संकेतस्थळावर हेच केले.

कार्यक्रम असे चढवणाऱ्या स्वयंसेवकाचे काम अवघड नाही, चिकाटीचे मात्र आहे: ध्वनिमुद्रण साफ करायचे, शीर्षक-तारीख नोंदवायची, बोलणाऱ्याची परवानगी घ्यायची. 64 केबीपीएसला अर्ध्या तासाची फाइल सुमारे 14 एमबी होते. खरी अडचण सिनेसंगीताची. रेडिओवर वाजवायचा परवाना इंटरनेटला आपोआप लागू होत नाही. गाणी आधी कापावीच लागतात.