एकट्यानं ससा धरणारा कुत्रा

कारवानी कुत्र्याचं पिल्लू बघायला गेलं की मालक आधी त्याच्या बापाबद्दल बोलतो. उंची, रंग, शेपटीचा बाक या गोष्टी नंतर येतात. पहिलं वाक्य बहुतेक वेळा ठरलेलं असतं: 'याचा बाप एकट्यानं ससा धरायचा.' जोडीनं किंवा टोळीनं शिकार करणारे कुत्रे पुष्कळ असतात, पण एकट्याचं मोल वेगळं, असा जाणत्यांचा समज आहे. पिल्लाची किंमतही त्या एका शब्दावर चढते.

ही कसोटी खरी आहे का, हे ठरवायचं तर आधी कुत्रा पळताना नीट बघायला हवा.

सोलापूर, लातूर, सांगलीच्या कोरड्या माळांवर या जातीला कारवानी म्हणतात, तर कृष्णेपलीकडे बागलकोट जिल्ह्यात तिचं नाव मुधोळ. भारतीय केनेल क्लबच्या दप्तरी तिची नोंद कॅरावान हाउंड अशी आहे. मुधोळच्या घोरपडे घराण्यानं ती सांभाळली, वाढवली. मालोजीराव घोरपड्यांनी या कुत्र्यांची जोडी इंग्लंडचे राजे पंचम जॉर्ज यांना भेट दिल्याची हकिगत मुधोळमध्ये आजही अभिमानानं सांगतात. कान-शेपटीवर रेशमी केस असलेल्या वाणाला पश्मी म्हणतात.

हा कुत्रा वासावर चालत नाही. नाकानं माग काढणाऱ्या कुत्र्याची मान खाली असते, कारवानीची कायम वर. लांब, अरुंद कवटीत डोळे बाजूला सरकलेले असल्यामुळे त्याला मान न वळवताही दोन्ही अंगांचा बराच माळ दिसतो. दूरवर काही हललं की आधी कान ताठ होतात, मग सगळं अंग थिजतं. पट्टा सुटला की पहिल्या काही ढांगांतच तो पूर्ण वेगात आलेला असतो. एका झेपेत त्याचे चारही पाय दोनदा जमिनीवरून सुटतात: एकदा पाठ धनुष्यासारखी वाकून पाय पोटाखाली गोळा होतात तेव्हा, आणि एकदा शरीर नाकापासून शेपटीपर्यंत ताणलं जातं तेव्हा. घोडा दौडताना एका ढांगेत एकदाच अधांतरी असतो. खोल छातीत मोठं हृदय आणि ऐसपैस फुप्फुसं, मागं ओढलेलं पोट, वजन वीस-पंचवीस किलोंच्या घरात. सरळ रेषेत पळायला यापेक्षा सुबक बांधा शोधून सापडायचा नाही.

पण ससा सरळ रेषेत पळत नाही.

आपल्याकडचा काळ्या मानेचा ससा जेमतेम दोन-तीन किलोंचा असतो. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यानं मागून येणारा कुत्रा त्याला पळतानाही दिसत असतो. कुत्रा अगदी शेपटीशी आला की ससा काटकोनात वळतो. दहापट वजनाच्या कुत्र्याला तेवढ्या जागेत वळता येत नाही. तो पुढं घसरत जातो, माती उडते, नखं निघतात, कधी खांदा निखळतो. तो सावरून वळेपर्यंत सशानं बांध किंवा बोराटीची जाळी गाठलेली असते. अशा दोन-तीन हुलकावण्यांत कुत्र्याचा दम संपतो. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही, अंगातली उष्णता बाहेर टाकायची ती मुख्यतः धापा टाकून. जोराच्या धावेनंतर ग्रेहाउंडच्या शरीराचं तापमान 41 अंश सेल्सियसच्या पुढं गेल्याच्या नोंदी आहेत. उन्हाळ्यात अशी धाव जिवावर बेतू शकते.

जोडीत मात्र हिशेब बदलतो. एका कुत्र्यानं सशाला वळवलं की दुसरा त्या वळणाच्या आतल्या बाजूनं येतो. श्रेय धरणाऱ्याला मिळतं, पण अर्धं काम वळवणाऱ्यानं केलेलं असतं.

ही गोष्ट जुन्या जाणकारांनी ओळखली होती. दुसऱ्या शतकात ग्रीक लेखक अरियन यानं केल्ट लोकांच्या वेगवान कुत्र्यांवर लिहिताना बजावलं होतं की एका सशामागं दोनपेक्षा जास्त कुत्रे सोडू नयेत. सशाला आधी पुरेसं पुढं जाऊ द्यावं आणि तो निसटला तरी आनंद मानावा, अशीही त्याची शिकवण होती. इंग्लंडमध्ये 1836 पासून चाललेल्या वॉटर्लू कप स्पर्धेतही कुत्रे जोडीनंच सुटत. पंच गुण देत ते वेगाला, दुसऱ्याला मागं टाकण्याला, ससा वळवण्याला. प्रत्यक्ष मारण्याला जास्तीत जास्त दोन गुण होते. ससा आपसूक तोंडात आला असेल तर तेही मिळत नसत. म्हणजे रक्ताच्या खेळातसुद्धा धरण्याचं माप दुय्यम होतं. जिवंत सशामागची ती स्पर्धा 2005 मध्ये कायद्यानं बंद झाली, ते योग्यच झालं.

'एकट्यानं' म्हणणाऱ्यांच्या बाजूनं एक मुद्दा मात्र भक्कम आहे. जोडीत कमकुवत कुत्रा लपून जातो. काही मुरलेले कुत्रे तर सोबत्याला पळू देतात, स्वतः वळणाचा अंदाज घेऊन आडवे येतात आणि आयता ससा पकडतात. ग्रेहाउंडवाल्यांमध्ये हा मोठा दोष मानला जाई. अशा कुत्र्याची पैदास वाढली तर पळण्याचं अंग हळूहळू उतरत जाणार. एकट्या कुत्र्याला अशी लबाडी करायला जागा नसते. त्याचा वेग, दम, वळण सगळं उघडं पडतं.

हे मान्य करूनही 'एकट्यानं धरावं' हा निष्कर्ष निघत नाही. धरणं हे कुत्र्याइतकंच जमिनीवर, सशाच्या वयावर, बांध किती जवळ आहे यावर अवलंबून असतं. नांगरलेल्या रानात कोवळा ससा धरणारा कुत्रा मुरमाड माळावर जाणत्या सशामागं धावणाऱ्या पण रिकाम्या तोंडानं परतणाऱ्या कुत्र्यापेक्षा सरस कसा ठरेल? रशियातले बोर्झोई लांडग्यावर सोडत ते बहुधा तिघांच्या गटानं, आणि त्यांचं काम लांडग्याला दाबून ठेवायचं. पुढचं शिकारी बघत असे. नॉर्वेचा एल्कहाउंड एकटाच मूसला भुंकून अडवून धरतो, पण तिथंही शेवट बंदुकीचाच असतो. माणसानं घडवलेल्या शिकारी कुत्र्यांच्या कितीतरी जातींत एकानं शेवटापर्यंत सगळं करावं अशी अपेक्षाच नाही.

आणि आता तर हा प्रश्न कायद्यानंच निकालात काढलेला आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली सशामागं कुत्रा सोडणं हा गुन्हा आहे. काळवीट आणि चिंकारा यांना तर त्यात सर्वोच्च संरक्षण आहे. दख्खनचे माळ आधीच आक्रसले आहेत, त्यावरचा प्रत्येक ससा लांडग्याच्या, कोल्ह्याच्या वाट्याचा आहे. बापानं ससा धरल्याची फुशारकी आज गुन्ह्याची कबुली ठरू शकते.

मग पळण्याची परीक्षा घ्यायची कशी? कप्प्यांवरून फिरणारी दोरी, तिच्या टोकाला प्लास्टिकची पिशवी आणि ओढायला मोटर. पिशवी सशासारखीच अचानक दिशा बदलते. आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाच्या अशा स्पर्धांत वेग, उत्साह, हुशारी, चपळाई आणि दम या पाच गोष्टींना गुण असतात. अमेरिकन केनेल क्लबच्या प्राथमिक चाचणीत कुत्रा एकटाच पळतो, 600 यार्ड, वाटेत किमान चार वळणं. लपायला सोबती नाही आणि कुणाचा जीवही जात नाही. एकट्याची कसोटी हवी असणाऱ्यांना ती इथं पूर्ण मिळते. सैन्यानंही 2016 मध्ये मुधोळची पिल्लं मेरठच्या प्रशिक्षण केंद्रात नेली ती पहारा आणि शोधकामासाठी पारखायला, ससे धरायला नाही.

म्हणून पिल्लू घेणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. बापानं किती ससे धरले हे विचारू नका. आई आणि बाप दोघांना मोकळ्या माळावर, सकाळच्या थंड वेळी, पिशवीमागं एकेकटं पळवून दाखवायला सांगा. चौथ्या वळणानंतरही जो कुत्रा मान वर ठेवून पळतोय, त्याच्या घरचं पिल्लू घ्या.