खेळाची खानेसुमारी

संध्याकाळी आमखास मैदानाच्या कडेला उभे राहिले म्हणजे छत्रपती संभाजीनगरची मुले खेळत नाहीत असे म्हणण्याचे धाडस कोणाला होणार नाही. कारण तेथे क्रिकेटचे अनेक डाव एकमेकांत असे गुंतलेले असतात की कोणता क्षेत्ररक्षक कोणत्या डावातला, हे त्या मुलांखेरीज ब्रह्मदेवालाही सांगता येऊ नये. परंतु मैदानावर दिसतात ते खेळणारेच. जे शिकवणीला गेले, आणि ज्या घरात राहिल्या, त्यांची मोजदाद तेथे होत नाही. म्हणूनच मुलांच्या हालचालीची खानेसुमारी करू पाहणारे लोक शाळेचा वर्ग गाठतात. हजेरीपटावर सर्वांचीच नावे असतात.

जागतिक आरोग्य संघटनेची शालेय विद्यार्थ्यांची आरोग्य-पाहणी आपल्याकडे २००७ साली केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या शाळांत झाली. या पाहणीतला एक प्रश्न वरकरणी फार साधा असतो: गेल्या सात दिवसांपैकी किती दिवस एकूण निदान ६० मिनिटे तुमच्या शरीराची हालचाल झाली? उत्तर शून्य ते सात; कागदावर नाव नाही. ठिकठिकाणच्या अशा पाहण्यांचे आकडे एकत्र करून २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १४६ देशांतील सुमारे १६ लाख विद्यार्थ्यांचा हिशेब होता, आणि ११ ते १७ वयाची ८१ टक्के मुले पुरेशी हालचाल करीत नाहीत असा त्याचा निष्कर्ष होता. भारताचा आकडा जगाहून किंचित बरा, सुमारे ७४ टक्के. आणि त्याचे संभाव्य कारण म्हणून त्या अभ्यासकांनी मुलांचे क्रिकेट आणि मुलींची घरकामे यांकडे बोट दाखविले.

या घरकामाच्या उल्लेखापाशी थोडे थांबले पाहिजे. जायकवाडीचे धरण इतके जवळ असूनही या शहरात नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येते, आणि ज्या दिवशी ते येते त्या दिवशी जिने चढून कळश्या वाहणाऱ्या, ड्रम भरणाऱ्या आठवीतल्या मुलीची छाती धापेने भरून येते. तिच्यापुढच्या कागदावर ‘व्यायाम’ किंवा ‘खेळ’ हा शब्द असेल तर ती निःशंकपणे शून्यावर खूण करील. ‘धाप लागेल असे कोणतेही काम’ असे शब्द असतील तर कदाचित दोनावर. मुलगी तीच, आठवडाही तोच. बदलला तो तर्जुमा.

कॅनडातील सॅस्कॅचेवान विद्यापीठात तयार झालेली, ८ ते १४ वयाच्या मुलांसाठीची एक प्रश्नावली या शास्त्रात प्रसिद्ध आहे. तिच्या खेळांच्या यादीत दोरीवरच्या उड्या आहेत, शिवाशिवी आहे, आणि बर्फावरची हॉकी व पायांना स्की बांधून हिमावरून घसरत जाणेही आहे! ती जशीच्या तशी आपल्या शहरातल्या गुलमंडीच्या पोराच्या हाती दिली तर तो बिचारा ओळीमागून ओळ ‘एकदाही नाही’ लिहीत जाईल आणि कागदोपत्री आळशी ठरेल. लंगडी, खो-खो, लगोरी यांची नावेच त्या यादीत नाहीत.

आवडीनिवडीचे माप याहूनही नाजूक. ‘मला खेळायला आवडते’ या विधानापुढे ‘पूर्ण सहमत’ पासून ‘पूर्ण असहमत’ पर्यंत पाच खाने असतात आणि क्रीडाशिक्षक बाकांमधून फेऱ्या मारीत असतात. अशा वेळी असहमत होणारा विद्यार्थी विरळाच. तरीही हे प्रश्न वगळू नयेत असे माझे मत आहे, कारण आवड पूर्ण आणि हालचाल शून्य असा जबाब जेव्हा मिळतो तेव्हा दोष मुलाच्या वृत्तीत नसून मैदानात, वेळापत्रकात किंवा घराच्या उंबरठ्याशी आहे, हे निदान कळते. पीटीचा तास गणिताला देऊन टाकण्याची आपली रीत अशाच जबाबांतून उघडी पडेल.

प्रश्न विचारण्याऐवजी कमरेला बांधायची, हालचाल टिपणारी यंत्रेही आहेत. ती मुलांप्रमाणे आकडा फुगवीत नाहीत, पण महाग पडतात, आणि मुलाला हालचाल आवडली की नाही हे त्यांना कळत नाही. ‘खेलो इंडिया’च्या चाचण्यांत ६०० मीटर धाव मोजली जाते खरी, परंतु ती मुलाची क्षमता सांगते, त्याचा आठवडा नव्हे.

त्या कॅनडाच्या प्रश्नावलीत शेवटी विचारले आहे: गेल्या आठवड्यात आजारपणामुळे किंवा अन्य कशामुळे तुझ्या नेहमीच्या हालचालीत खंड पडला काय? आपल्या शहरासाठी तिचा मराठी मसुदा करणाऱ्याने त्याखाली आणखी एक ओळ घालावी: गेल्या आठवड्यात तुमच्याकडे नळ किती वेळा आले, आणि पाणी कोणी भरले?