वीतभर आट्यांवर टांगलेली विहीर

तेलविहिरीचे चित्र डोळ्यांपुढे आणताना आपण एक लांबलचक नळी कल्पितो. अशी अखंड नळी प्रत्यक्षात नसते. कारखान्यातून येणारा पोलादी पाइप जेमतेम बारा मीटरचा असतो आणि विहीर तीन-तीन किलोमीटर खोल जाते. म्हणजे एका विहिरीत उतरणाऱ्या एकाच केसिंगला अडीचशेच्या आसपास जोड लागतात. केसिंग म्हणजे खणलेल्या भोकाच्या भिंती ढासळू नयेत, वायू आणि पाणी वाट चुकू नयेत म्हणून आत बसवलेले पोलादी अस्तर. ९.६२५ इंच व्यासाचा, नेहमीच्या वापरातला एक जाड पाइप घेतला तर त्याचे वजन साडेआठशे किलो भरते. तीन किलोमीटरची अशी माळ दोनशे टनांच्या पुढे जाते. खणताना विहिरीत भरलेला चिखल त्यातला थोडा भार उचलून धरतो. उरलेला सगळा भार सर्वांत वरच्या जोडावर, म्हणजे वीतभरही लांब नसलेल्या आट्यांवर लोंबकळतो.

मग वेल्डिंग का करत नाहीत? समुद्रतळावरून जाणाऱ्या पाइपलाइनी वेल्डिंगनेच जोडतात, आणि विहिरीच्या तोंडाशी बसणारे अगदी रुंद पाइपही पुष्कळदा वेल्ड होतात. पण केसिंगचे पोलाद उष्णतेची विशिष्ट प्रक्रिया करून कणखर बनवलेले असते. वेल्डिंगच्या आचेने जोडाजवळ तो कणखरपणा बिघडतो. शिवाय एकेक जोड वेल्ड करून, थंड करून, तपासून पुढे जायचे, तर खणणाऱ्या रिगचे भाडे तासागणिक चढत राहते. आट्यांचा जोड काही मिनिटांत होतो आणि चुकला तर उलटा फिरवून सोडवताही येतो. खणण्यासाठी वापरायच्या ड्रिल पाइपची तऱ्हा थोडी मजेशीर आहे. त्याच्या टोकांचे जाड, आटेवाले तुकडे कारखान्यात घर्षणाच्या उष्णतेने पाइपला वेल्ड केलेले असतात. रिगवर मात्र तोही आट्यांनीच जोडतात आणि पुन्हा पुन्हा सोडवतात.

या आट्यांना शिस्त उशिरा लागली. अमेरिकेत टायटसव्हिलला १८५९ मध्ये एडविन ड्रेकने बिडाचे दहा-दहा फुटी नळ जमिनीत ठोकून खडक गाठला आणि साडेएकोणसत्तर फुटांवर तेल मिळवले. पुढची कित्येक दशके ज्याचे आटे त्याचे, असा कारभार होता. एका कारखान्याचा पाइप दुसऱ्याच्या कपलिंगमध्ये, म्हणजे जोडनळीत, बसेलच याची खात्री नसे. १९१९ मध्ये अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट (एपीआय) स्थापन झाली आणि १९२४ पासून तिची प्रमाणे निघू लागली. ‘एपीआय’चे आटे हे जगभरच्या रिगवरचे बोलीतले शब्द झाले ते त्यानंतर.

यातला जुना आणि स्वस्त प्रकार म्हणजे ‘एट राउंड’. इंचाला आठ आटे, माथे आणि खाचा गोलसर, आणि सगळा भाग निमुळता. हा निमुळतेपणा सोळास एक असतो. घरच्या जीआय पाइपच्या आट्यांचा उतारही तेवढाच, आणि अडचणही तीच. प्लंबर आट्यांवर सफेदा आणि धागा लावतो तो हौस म्हणून नव्हे. आटे कितीही कसले तरी त्यांच्यामधून नागमोडी फट उरतेच. एट राउंडमध्ये ती मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहूनही बारीक असते. ती बुजवायला खास ग्रीस लागते. जुन्या प्रमाणित ग्रीसमध्ये ग्रॅफाइटबरोबर शिसे, जस्त आणि तांबे यांची पूड भरलेली असते. वजनाने पाहिले तर ग्रीसपेक्षा पूडच जास्त. ही पूड फट भरते आणि पोलादावर पोलाद घासून आटे एकमेकांना चिकटू नयेत हेही पाहते.

तेल, पाणी अशाने अडते. पण जास्त दाबाचा, गरम वायू ग्रीस वाळण्याची वाट पाहत बसतो.

दुसरे दुखणे ताकदीचे. एट राउंडच्या आट्यांच्या बाजू तीस अंशांनी कललेल्या असतात. माळेचा भार फार झाला की बाहेरचा बॉक्स, म्हणजे आतून आटे असलेला भाग, फुगतो, आतली पिन, म्हणजे पाइपचे आटेवाले टोक, आकसते आणि एकही आटा न तुटता पाइप सरळ सटकून बाहेर येतो. यावर ‘बट्रेस’ आटे निघाले. त्यांची भार घेणारी बाजू अवघी तीन अंश कललेली, जवळजवळ उभी. त्यामुळे सटकणे संपले. गळती अडवण्याच्या बाबतीत मात्र बट्रेसही ग्रीसच्याच भरवशावर.

खरी सुटका झाली ती ही दोन कामे वेगळी केल्यावर. ओढ सोसायची ती आट्यांनी, आणि वायू अडवायचा तो आट्यांच्या पलीकडे घासून गुळगुळीत केलेल्या कड्याने. तिथे पोलाद पोलादावर इतक्या जोराने दाबून बसते की मध्ये काही भरण्याची गरजच राहत नाही. शिवाय पिन किती आत जायची हे ठरवणारा एक खांदा. फ्रान्समधल्या व्हालुरेकने साठच्या दशकात आणलेला ‘व्हॅम’ हा या ‘प्रीमियम’ घराण्यातला नामांकित जोड. नाशिकमध्ये जिंदाल सॉ आणि हंटिंग यांच्या भागीदारीतला कारखाना असेच प्रीमियम आटे पाडतो, याची नाशिककरांपैकी किती जणांना कल्पना असेल?

असा जोड बाजारात येण्याआधी त्याचे नमुने पुन्हा पुन्हा कसून-सोडवून, ओढून, दाबून, वाकवून पाहतात. कठोर चाचण्यांत १८० अंश सेल्सिअसपर्यंत तापवूनही. रिगवर तो कसताना पाइप फिरवणाऱ्या हायड्रॉलिक टाँगला जोडलेला संगणक किती फेऱ्यांना किती जोर लागला याचा आलेख काढतो. पिन खांद्याला टेकली की रेघ एकदम उभी चढते. ती अपेक्षित जागी चढली नाही तर जोड सोडवून आटे पुन्हा तपासायचे, मग कितीही घाई असो. एवढा शहाणपणा आलेखात असूनही सुरुवात हाताच्या कामानेच होते: आट्यांवरच्या टोप्या काढायच्या, आटे स्वच्छ धुवायचे, ग्रीस नेमके लावायचे. जास्त ग्रीस म्हणजे जास्त सुरक्षितता, असा समज नवख्यांत असतो. तो चुकीचा आहे. प्रीमियम जोडात कोंडलेले जादा ग्रीस स्वतःच दाब निर्माण करते आणि आलेखालाही फसवते.

ग्रीस किती महागात पडू शकते हे उत्तर समुद्रात दिसले. ॲबर्डीनच्या पूर्वेला सुमारे २४० किलोमीटरवरच्या एल्जिन क्षेत्रात २५ मार्च २०१२ रोजी ‘टोटल’ या तेलकंपनीच्या जी-४ विहिरीतून वायू उसळला. २३८ माणसे हलवावी लागली; गळती थांबायला मेचा मध्य उजाडला. कोणी दगावले नाही. केसिंगला ताणाखाली गंजून तडे गेले होते, आणि त्याच्या मुळाशी आट्यांचे ग्रीस आणि विहिरीत भरलेले कॅल्शियम ब्रोमाइडचे द्रावण यांची आपसातली अभिक्रिया होती. दोन्ही पदार्थ आपापल्या जागी रूढ होते. एकत्र येऊन काय करतील हे कोणी तपासले नव्हते. २०१५ मध्ये कंपनीला सव्वाअकरा लाख पौंड दंड झाला.

शिशाची पूड समुद्रात जाऊ नये म्हणूनही हल्ली ग्रीसवर नजर आहे. काही कारखाने आता आट्यांवर आधीच कोरडा थर चढवून पाइप पाठवतात. रिगवर ग्रीसचा डबा उघडावाच लागत नाही.