मन हळवं म्हणून नव्हे, कामाला सीमा नाही म्हणून

छत्तीसगडमधल्या भिलाईच्या सेक्टर ९ मधल्या जवाहरलाल नेहरू रुग्णालयातल्या नर्सपासून उतईच्या आसपासच्या खेड्यांतल्या मितानिनीपर्यंत, म्हणजे गावच्या आरोग्य कार्यकर्तीपर्यंत, इतरांना सांभाळणारी माणसं स्वतः खचत असतात. त्यांच्याबद्दलचे काही समज मात्र हटत नाहीत.

गैरसमज : बर्नआउट म्हणजे साधा शीण, चार दिवस रजा घेतली की जातो.

वस्तुस्थिती : जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याची तीन अंगं सांगितली: गळून जाणं, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. संघटना त्याला आजार म्हणत नाही. कामाच्या ठिकाणी साचत गेलेल्या ताणाचा परिणाम म्हणते. रजेनंतर कामाचा बोजा तोच असेल, तर शीणही परत येतो.

गैरसमज : जीव लावणारेच खचतात, म्हणून रुग्णापासून मनाने लांब राहावं.

वस्तुस्थिती : मेंदूच्या अभ्यासक तानिया सिंगर दोन गोष्टी वेगळ्या करतात. दुसऱ्याचं दुःख स्वतःच भोगत राहिलं की माणूस कोमेजतो. मदतीची ओढ, म्हणजे करुणा, उभारी देते आणि सरावाने वाढते. रुग्णावर खेकसणारी नर्स निर्दयच असते असं नाही. तिचा तो कडवटपणा बर्नआउटचंही लक्षण असू शकतो.

गैरसमज : हा मोठ्या इस्पितळांतल्या डॉक्टरांचा प्रश्न आहे.

वस्तुस्थिती : छत्तीसगडची मितानिन योजना २००२ ची, देशातल्या आशा योजनेच्याही आधीची. गावात रात्री कळा सुरू झाल्या की मितानिनीचं दार वाजतं. १०२ ला फोन करायचा, महतारी एक्सप्रेस ही रुग्णवाहिका येईपर्यंत गर्भवतीला धीर द्यायचा, सोबत दवाखान्यात जायचं. सकाळी घरचा स्वयंपाक उरकून लसीकरणाला बाळांना गोळा करायचं. या कामाला ठरलेली पाळी नाही, आणि मोबदला बराचसा केलेल्या कामागणिक.

गैरसमज : लांबलचक ड्यूटीने तरुण डॉक्टर कणखर होतात.

वस्तुस्थिती : या समजाला नियमांचाही आधार नाही. निवासी डॉक्टरांची सलग ड्यूटी सहसा १२ तासांपेक्षा जास्त नसावी, असं केंद्राने १९९२ मध्येच सांगितलं होतं. तरीही २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कार्यगटाला आठवड्याला ७४ तासांची मर्यादा सुचवावी लागली.

मन फार जड झालं तर १४४१६ वर ‘टेली-मानस’शी मोफत बोलता येतं, त्यात कमीपणा नाही. पण पुरेशी माणसं, ठरलेल्या पाळ्या आणि वेळेवर मोबदला देणं ही व्यवस्थेची जबाबदारी आहे. ती ‘सेवाभावा’च्या नावाखाली या माणसांवर ढकलू नये.